एलएलबीत नेमकं शिकवतात काय? एका पिशवीतल्या कागदांवरून

खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय : "दहावीपर्यंत मराठी शाळा, नंतर बी.ए. झालो. घरचे एलएलबी कर म्हणतात. तीन वर्षांत नेमकं शिकवतात काय? सगळी कलमं पाठ करावी लागतात का? आणि मराठीतून आलेल्याचा बेळगावच्या कोर्टात निभाव लागतो का?" मी इथे सत्तावीस वर्षं दिवाणी कामं करतोय. सुट्टीत कॉलेजची चार-दोन पोरं माझ्याकडे येऊन बसतात, तीही पहिल्या दिवशी हेच विचारतात. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पाठांतराचं आधी निकालात काढू. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ होतं ते १०३ झालं, फसवणुकीचं ४२० होतं ते ३१८ मध्ये जाऊन बसलं. ५११ कलमांचा कायदा ३५८ वर आला. ज्यांनी नुसते आकडे घोकले होते ते एका रात्रीत कोरे झाले. आणि ज्यांना एवढंच नीट कळलं होतं, की उसने पैसे बुडवले म्हणजे फसवणूक होत नाही, घेतानाच लबाडीचा हेतू असावा लागतो, त्यांचं काही बिघडलं नाही. पुस्तक उघडून कलम कुणालाही सापडतं. पुस्तक कुठलं उघडायचं, ते तीन वर्षांत शिकायचं असतं.

अभ्यासक्रमाचा सांगाडा देशभर जवळपास एकच आहे, कारण तो बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी ठरवलाय. पदवीनंतर तीन वर्षं म्हणजे सहा सेमिस्टर, बारावीनंतर पाच वर्षं म्हणजे दहा. प्रवेशाला सर्वसाधारण गटात पदवीला ४५ टक्के लागतात. आपल्याकडची कॉलेजं, टिळकवाडीतलं १९३९ सालचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज काय किंवा चिकोडीचं काय, आता हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाखाली येतात. ते विद्यापीठ २००९ चं. आमची डिग्री धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची होती.

पेपरांची यादी तुला कुठेही मिळेल. करार, अपकृत्य, कौटुंबिक कायदा, संविधान, मालमत्ता, फौजदारी, पुरावा, दिवाणी प्रक्रिया, प्रशासकीय, कंपनी, कामगार, कर, पर्यावरण, आंतरराष्ट्रीय. ती वाचून डोक्यात काहीच चित्र उभं राहत नाही. म्हणून मी पोरांना यादी न दाखवता एक पिशवी दाखवतो. खाली सांगतोय ती गोष्ट तीन-चार फायलींची सरमिसळ करून, ओळख पुसून सांगतोय.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावच्या मावशी २०१६ साली आल्या. हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. आत जुने उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, एक मोडीतला कागद, आणि कशासाठी ठेवली कोण जाणे, लग्नाची पत्रिका. "वकीलसायब, बापाच्या माघारी भावांनी माझी सही घेतली. कशावर घेतली म्हायती न्हाई. आता जमिनीत माझं नावच न्हाई म्हणत्यात." वडील १९९६ ला वारलेले. लग्न १९८९ चं. चार एकर इकडे, दोन एकर सरहद्दीपलीकडे चंदगड तालुक्यात, आणि गावात घर.

पहिला पेपर उघडतो तो कौटुंबिक कायद्याचा, आणि इथे मी माझीच चूक सांगतो. २०१६ ला मी त्यांना नाही म्हणून परत पाठवलं. तेव्हा 'प्रकाश विरुद्ध फुलवती' हा सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल ताजा होता. तो दावा मूळचा आपल्याच बेळगावच्या कोर्टात १९९२ ला दाखल झालेला. निकाल असा, की ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे मुलींना मुलांइतका हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, मुलगी आणि बाप दोघंही हयात असतील तरच मुलीला जन्माने हिस्सा. मावशींचे वडील तर त्याच्या नऊ वर्षं आधी गेलेले. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की भावांइतका हिस्सा मिळायचा नाही, बापाच्या वाट्यातला जो चिमूटभर येईल त्यासाठी दाव्याचा खर्च परवडायचा नाही. मग ११ ऑगस्ट २०२० ला 'विनीता शर्मा' निकाल आला. मुलीचा हक्क जन्मानेच आहे, बाप त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी खरीखुरी वाटणी झालेली असेल तर ती मोडता येत नाही. मी डायरी चाळून मावशींना निरोप धाडला. कायदा पाठ करण्यापेक्षा त्याच्या मागावर राहावं लागतं ते असं, आणि चुकलं तर पक्षकाराची चार वर्षं जातात.

आता सहीचं. ती सही होती तलाठ्यासमोरच्या जबाबावर. वडील वारल्यावर वारसांची नावं लावायला वर्दी देतात, त्यात 'माझं नाव नको' असं लिहून घेतलेलं. भाऊ म्हणत होते, बहिणीने हक्क सोडला. मालमत्ता आणि नोंदणीचा कायदा शिकलेल्या पोराला इथे हसू फुटलं पाहिजे. शंभर रुपयांवरच्या स्थावराचा हक्क सोडायचा तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं, तलाठ्यासमोरच्या जबाबाने हक्क जात नाही. पहाणीवर (कर्नाटकातला सातबाऱ्यासारखा उतारा) नाव असणं वेगळं आणि मालकी असणं वेगळं, हे वाक्य मी रोज किमान दोनदा बोलतो. आपल्या भागात निम्मी भांडणं या एका गैरसमजावर उभी आहेत.

मग दावा कुठे लावायचा? जमीन दोन राज्यांत. मावशींना वाटत होतं, इकडे एक आणि तिकडे एक असे दोन दावे, दोन वकील, दोन खर्च. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १७ सांगतं, की स्थावर मालमत्ता वेगवेगळ्या कोर्टांच्या हद्दीत असेल तर त्यातल्या कुठल्याही एका कोर्टात दावा चालतो. राज्याची सीमा आड येत नाही. वर्गात हे कलम अर्ध्या मिनिटात उरकतात, आमच्याकडे त्याच्यावर घरं चालतात. दिवाणी प्रक्रिया हा पेपर पोरांना सगळ्यांत कंटाळवाणा वाटतो. ऑर्डर अमुक, रूल तमुक. मला विचारशील तर सगळ्या डिग्रीत खरा पैसा-अडक्याचा पेपर तोच. कायद्याने हक्क आहे की नाही ते पुस्तक सांगेल, पण भावाने उद्या सकाळी जमीन विकायला काढली तर आज दुपारी कुठला अर्ज द्यायचा, हे ऑर्डर ३९, म्हणजे तात्पुरत्या मनाईचे नियम, न वाचलेल्याला सुचत नाही.

त्याच्याच शेपटीला मुदतीचा कायदा येतो. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून डावललं गेल्याचं कळल्यापासून बारा वर्षांत दावा लावायचा असतो. भावांचा वकील तिथेच बोट ठेवणार हे उघड होतं : बाप १९९६ ला गेला, मग इतकी वर्षं काय करत होता? मी मावशींना विचारलं, माहेरचं येणंजाणं कधी तुटलं? त्या म्हणाल्या, "तुटलं कुठं? दर दिवाळीला भाताचं पोतं येत होतं की. थोरल्याचा मुलगा बीडीत आणून टाकायचा. २०१४ पासून बंद झालं." (बीडी म्हणजे त्यांचं सासरचं गाव, ओढायची नव्हे. कॉलेजच्या पोरांना दर वेळी सांगावं लागतं.) ते भाताचं पोतं आमच्या फायलीतला सगळ्यांत वजनदार कागद ठरलं. २०१४ पर्यंत शेतातलं पीक बहिणीला पोचत होतं, म्हणजे तिला डावललेलं नव्हतं. मुदतीचा मुद्दा तिथेच लंगडा पडला. अशी उत्तरं मिळवायला काय विचारायचं, हेही एका पेपरात येतं, त्याच्याकडे नंतर वळतो.

पिशवीतला मोडी कागद १९३१ चं वाटणीपत्र निघालं, आजोबा आणि चुलत आजोबांमधलं. ती जमीन वडिलोपार्जित आहे हे त्यावरून ठरलं. हा पुराव्याचा पेपर. तीस वर्षांपेक्षा जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर त्यावरची सही-अक्षर खरं आहे असं कोर्ट धरू शकतं. पूर्वी हे कलम ९० होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ९२ आहे. १९३१ च्या कागदावर साक्ष द्यायला कोण जिवंत असणार? बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथले जुने दस्त मराठीत, त्याहून जुने मोडीत. मोडी वाचणारी माणसं जिल्ह्यात आता बोटावर मोजण्याइतकी. मराठी शाळेत शिकल्याचा न्यूनगंड घेऊन येणाऱ्या पोराला मी हेच म्हणतो : बाबा, रेकॉर्ड रूममधलं अर्धं कपाट तुझ्या भाषेत आहे.

पण कोर्ट तुझ्या भाषेत नाही, हेही तितकंच खरं. जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा राज्य सरकार ठरवतं, इथे ती कन्नड. धारवाडच्या हायकोर्ट खंडपीठात आणि सुप्रीम कोर्टात इंग्रजी. पक्षकार बोलणार मराठीत, तेही आपल्या बोलीत. एका फायलीत तिन्ही भाषा. आमच्या दाव्यात उलटतपासाला मावशींच्या चुलत्याला उभं केलं होतं, वय ऐंशीच्या पुढे. समोरच्या वकिलांनी विचारलं, भाऊ एकत्र राहतात का? म्हातारा म्हणाला, "चूल वेगळी हाय, जमीन एकच हाय." जबाब टाइप होऊन निघाला त्यात कन्नडमध्ये एवढंच : भाऊ 'बेरे' झालेत. बेरे म्हणजे वेगळे. जेवण वेगळं होण्याने वाटणी होत नाही, पण 'वेगळे झाले' या दोन शब्दांचा वाटणी असा अर्थ लावायला कितीसा वेळ लागतो? आणि ती वाटणी २००४ च्या आधीची ठरवली, की मावशींचा दावा गेला. मला कन्नड वाचता येत होतं म्हणून सही व्हायच्या आत उठून दुरुस्ती मागितली, जज्जसाहेबांनी ती करूनही दिली. माझ्या जागी नुसती इंग्रजी येणारा हुशार वकील असता तर त्याला कळलंही नसतं.

तेव्हा निभाव लागेल का याचं उत्तर : लागेल, पहिल्या वर्षापासून कन्नड वाचायला लागलास तर. बोलता तर खानापूरच्या पोराला थोडंफार येतंच. कोर्टातली कन्नड वाटते तितकी परकी नाही. वादी, प्रतिवादी, फिर्यादी, आरोपी, साक्षी, हिस्सा हे सगळं तेच. फक्त जामिनाचं 'जामीनु' आणि शेताचं 'जमीनु' यांची गल्लत करू नकोस, आणि निकालाला 'तीर्पु' म्हणतात हे लक्षात ठेव. इंग्रजीची भीतीही फार नको. कायद्याची इंग्रजी ठरावीक दीड-दोन हजार शब्दांची असते. रोज एक निकाल वाचलास, अगदी दोनच पानं, तर वर्षभरात सरावतोस.

मावशींची फाईल मिटवण्याआधी दोन गोष्टी. मधल्या भावाने २०१२ ला काही गुंठे प्लॉटसाठी विकलेले. संचकार (इसार) कधी दिला, खरेदीपत्र कुणी लिहून दिलं, घेणाऱ्याने कागद तपासले होते का, हा करार आणि मालमत्ता हस्तांतरणाचा भाग. विक्री २००४ नंतरची, म्हणून मावशींच्या हिश्श्यापुरती तिला हरकत घेता येत होती, आणि घेणाऱ्यालाही दाव्यात ओढावं लागलं. दुसरं म्हणजे व्यावसायिक नीतिमत्तेचा पेपर, ज्याला पोरं गाईडची दहा पानं वाचून जातात. धाकटा भाऊ एका संध्याकाळी माझ्या ऑफिसात आला, "साहेब, तुम्ही आमच्या ओळखीचे, दोन्हीकडचं तुम्हीच बघून मिटवा ना." मिटवायला माझी ना नव्हती, पण दोन्हीकडचा वकील होता येत नाही. त्याला त्याच्या वकिलाकडे पाठवलं. शेवटी लोकअदालतीत मिटलं. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी मसुदा मावशींना मराठीत तीनदा वाचून दाखवला. पर्यायी वाद निवारण हा पेपर शिकवताना लवाद, मध्यस्थी, तडजोड यांच्या व्याख्या लिहून घेतात. माझ्या मते त्यात शिकायचं एवढंच, की दिवाणी दाव्यात प्राथमिक हुकूमनामा, अंतिम हुकूमनामा, अपील असा जिना चढताना पक्षकाराचं वय किती होईल, ते आधी मोजायचं.

बाकीच्या पेपरांवरून आता भराभर जातो.

संविधान म्हणजे मूलभूत हक्क, असं समजून पोरं कलम १४, १९, २१ वर थांबतात. सीमाभागातल्या विद्यार्थ्याने त्यापुढे वाचावं. दोन राज्यांतलं भांडण थेट सुप्रीम कोर्टात नेण्याची सोय कलम १३१ मध्ये आहे, महाराष्ट्राने २००४ ला दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा त्याखालचाच. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार कलम ३ ने संसदेला दिलाय. या दोन कलमांचं एकमेकांशी नातं काय, हा प्रश्न मी दर बॅचला घालतो आणि दर वेळी चहा गार होतो. आणि ३५० अ वाचावं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयींसाठी राज्य 'प्रयत्न करील' असं तिथे म्हटलंय. 'देईल' म्हटलेलं नाही. मोर्चात दोन्ही एकच वाटतात, पण कोर्टात एका क्रियापदावर याचिका उभी राहते किंवा पडते.

फौजदारीत सध्याच्या विद्यार्थ्याला दोन्ही संच वाचावे लागतील. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते, आणि असे खटले अजून बरीच वर्षं चालणार. हद्दीचा भाग नीट कर. कोल्हापूरहून एसटीत बसलेल्या बाईचं पाकीट कोगनोळीच्या टोलनाक्याच्या अलीकडे गेलं की पलीकडे, हे तिला ठाऊक नसतं. प्रवासात घडलेल्या गुन्ह्याची चौकशी प्रवासाच्या मार्गावरच्या कुठल्याही हद्दीतल्या कोर्टात होऊ शकते. शिवाय फिर्याद कुठल्याही ठाण्यात नोंदवून पुढे पाठवता येते, तेही आता कायद्यात स्पष्ट आहे.

अपकृत्य, म्हणजे एकाच्या चुकीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान, हा पेपर ब्रिटनमधल्या जुन्या खटल्यांनी भरलेला असतो, बाटलीत गोगलगाय सापडली वगैरे. आपल्याकडे त्याची भाकरी मिळते ती पुणे-बेंगळुरू महामार्गावर. अपघाताचा नुकसानभरपाई अर्ज जिथे अपघात झाला तिथे किंवा दावेदार राहतो तिथे, दोन्हीकडे चालतो, पण आता सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. कामगार कायदा उद्यमबागच्या फाउंड्र्या आणि निपाणीच्या विडी कामगारांच्या भागात महत्त्वाचा, मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात, सीनियरच्या नोट्स घेऊ नकोस. ऐच्छिक विषयांत बँकिंग घे. उद्यमबागेतल्या उधारीवर आणि पतसंस्थांवर चेक न वटल्याच्या केसेस अखंड चालतात, आणि त्यात तारखाच सगळं : चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे भरायला, मग एक महिन्यात तक्रार. कंपनी आणि आंतरराष्ट्रीय कायदा पास होण्यापुरता केलास तरी मी रागावणार नाही. न्यायशास्त्र मला स्वतःला पंधरा वर्षं प्रॅक्टिस झाल्यावर आवडायला लागलं.

राहिले ते चार प्रात्यक्षिक पेपर, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे. मसुदालेखनात पंधरा दावे-अर्ज आणि पंधरा दस्त स्वतः लिहायचे असतात. मूट कोर्टच्या पेपरात तीन सराव खटले, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बघून नोंदी, आणि पक्षकाराची मुलाखत कशी घ्यायची याच्या नोंदी, या तिन्हींना तीस-तीस गुण. भाताचं पोतं सापडतं ते या मुलाखतीच्या तीस गुणांत. आणि नेमक्या याच वह्या पोरं गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवतात. एका पोराच्या वहीत साक्षीदाराचं नाव दोन पानांवर वेगवेगळं होतं, कारण त्याने दोन वह्यांवरून उतरवलं होतं. तीन वर्षांच्या कोर्सला किमान बारा आठवडे इंटर्नशिप सांगितलीय. सर्टिफिकेटपुरतं येणाऱ्याला मी सही देत नाही, त्यामुळे माझ्याकडे गर्दीही नसते.

पास झाल्यावर राज्य बार कौन्सिलची सनद. सर्वसाधारण गटाला नोंदणी फी ७५० रुपयेच, त्यावर कुणी मागू नये असं सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला बजावलंय. मग अखिल भारतीय बार परीक्षा, ती मराठीतूनही देता येते. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर मे २०२५ च्या निकालापासून आधी तीन वर्षं वकिली करावी लागते. ज्युनिअरला १५ ते २० हजार द्यावेत अशी बार कौन्सिलची शिफारस आहे, पण ती शिफारसच. घरच्यांना सांगून ठेव, की पहिली दोन-तीन वर्षं पेट्रोलचा खर्च सुटला तरी पुष्कळ.

प्रवेश घेतलास तर दुसऱ्या सेमिस्टरच्या सुट्टीत ये. येताना तुमच्या शेताची चालू पहाणी आण, आणि आजोबांच्या ट्रंकेत असतील ते कागद, मोडी असले तरी. पहिल्या आठवड्याचं काम आत्ताच सांगतो : उताऱ्यावर आज कुणाकुणाची नावं आहेत, ती कुठल्या कागदाने आली, आणि तुझ्या आत्यांची का नाहीत, एवढं दोन पानांत लिहून काढायचं.